विणकरांचं व्याज, पांडवांचं घर

नाशिकमधल्या सातपूरच्या वायव्येला, गंगापूरच्या शेजारी, गोदावरीकाठी गोवर्धन नावाचं गाव आहे. दक्षिणेला काही किलोमीटरवर पांडवलेणीचा डोंगर. या दोहोंमधल्या सपाटीवर आज औद्योगिक वसाहत पसरली आहे. सिएट, महिंद्रा, बॉश यांचे कारखाने, त्यांच्या कामांवर चालणारी लहान वर्कशॉपं, अंबडकडे जाणारा लिंक रोड आणि पाळी सुटली की त्यावर लागणारी दुचाकींची रीघ. साधारण एकोणीसशे वर्षांपूर्वी याच पट्ट्यातून दर वर्षी पैसा एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जात असे. गोवर्धनातले विणकर व्याज भरायचे आणि डोंगरावरच्या भिक्खूंची वस्त्रं त्या व्याजातून यायची.

हा व्यवहार दहाव्या क्रमांकाच्या लेण्यात दगडावर खोदून ठेवलेला आहे. पश्चिमी क्षत्रपांच्या क्षहरात कुळातला राजा नहपान याचा जावई उषवदात याने ३,००० कार्षापण नाणी कायम ठेव म्हणून गुंतवली. त्यातली २,००० विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक या दराने. उरलेली १,००० दुसऱ्या श्रेणीकडे, दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दल कधीच परत घ्यायचं नाही, फक्त व्याज वापरायचं. पावसाळ्यात या लेण्यात राहणाऱ्या २० भिक्खूंना चीवरासाठी प्रत्येकी १२ कार्षापणं मिळावीत, असं त्यात म्हटलं आहे. हिशेब करून पाहा. दोन हजारांवर महिन्याला २०, म्हणजे वर्षाला २४०, आणि वीस जणांना बारा-बारा म्हणजे तेवढेच. पै इकडची तिकडे नाही. वर हा सगळा मामला नगराच्या निगमसभेत ऐकवून फलकावर नोंदवून घेतल्याचाही उल्लेख आहे.

इतकं चोख लिहून ठेवणाऱ्या माणसाला आपल्या दानाचा अर्थ काय लावला जावा, याबद्दल जराही शंका नसावी. आणि तरीही पुढच्या कित्येक शतकांत इथे आलेल्या बहुसंख्य लोकांनी उषवदाताचं नाव ऐकलं नाही, विणकर ऐकले नाहीत, भिक्खूही ऐकले नाहीत. त्यांना इथे दिसले ते वनवासातले पाच भाऊ.

कलाकृतीचा निर्माता एक सांगतो आणि पाहणारा दुसरंच घेऊन घरी जातो, ही तक्रार कवी, नाटककार, चित्रकार सगळेच करत आले आहेत. पण निर्मात्याचं म्हणणं काय होतं हे बहुतेक वेळा त्याच्या मुलाखतीवरून किंवा आठवणींवरून ठरवावं लागतं, आणि त्या आठवणीही सोयीच्या असतात. पांडवलेणीचा हा त्रिरश्मी डोंगर या बाबतीत जवळजवळ एकमेव म्हणावा असा आहे. इथे निर्मितीचा हेतू आणि नंतरचे गैरसमज एकाच भिंतीवर, हाताच्या अंतरावर पाहता येतात.

आधी हेतू काय होता ते पाहायला हवं, आणि ‘निर्माता’ म्हणजे नेमकं कोण तेही. छिन्नी धरणाऱ्या हातांनी आपलं मनोगत इथे लिहून ठेवलेलं नाही. बोलतात ते देणगीदार. त्यातला सगळ्यात जुना आवाज एकोणिसाव्या लेण्यात आहे. सातवाहन कुळातल्या कण्ह राजाच्या काळी नाशिकच्या श्रमण महामात्राने हे लेणं करवलं, एवढाच त्रोटक मजकूर. हे इसवी सनापूर्वीचं काम. शेजारचं अठरावं लेणं हे या समूहातलं एकमेव चैत्यगृह. त्याच्या दर्शनी भागावर एका गावाच्या दानाचा उल्लेख आहे, आणि आत ते पूर्णत्वाला नेणाऱ्या भट्टपालिका नावाच्या स्त्रीचा. सतराव्यात उत्तरेकडून आलेला इंद्राग्निदत्त नावाचा यवन आहे. विसाव्यात यज्ञश्री सातकर्णीच्या सातव्या वर्षी सेनापती भवगोप याची बायको वासू हिने अर्धवट राहिलेलं काम पुरं केल्याची नोंद आहे. राजे, अधिकारी, परदेशी, गावकरी, बायका. सगळ्यांची इच्छा एकच: संघाला राहायला जागा मिळावी आणि आपल्या पदरी पुण्य पडावं.

पण इच्छा इतकी सरळ असते का? उषवदाताचाच लेख पुढे वाचला की शंका येते. लेणं बौद्ध भिक्खूंना दिलं, पण त्याआधी तो आपल्या दानांची जी यादी वाचतो त्यात बौद्ध दिसतच नाहीत. तीन लाख गायी दिल्या, देवांना आणि ब्राह्मणांना सोळा गावं दिली, वर्षभर लाख ब्राह्मणांना जेवू घातलं, भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक इथे धर्मशाळा बांधल्या, तापी, दमण, डहाणू अशा नद्यांवर फुकट नावा ठेवल्या. शक वंशाचा हा परका जावई स्थानिक लोकांना काहीतरी पटवून देतो आहे. पुण्य हवंच, पण त्याबरोबर मान्यताही हवी आहे. भिक्खूंना वस्त्रं देणं आणि ‘मी तुमच्यातलाच आहे’ हे दगडावर चढवणं, ही दोन्ही कामं एका लेखात उरकलेली आहेत.

त्याला उत्तर तिसऱ्या लेण्यात मिळालं.

सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीने क्षहरातांचा निःपात केला. नंतर त्याचा मुलगा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या एकोणिसाव्या वर्षी गौतमीपुत्राच्या आईने, गौतमी बलश्रीने, हे लेणं भद्रायणीय पंथाच्या भिक्खूंना अर्पण केलं. दर्शनी भागात कमरेपासून वरचे सहा आडदांड पुरुष साऱ्या इमारतीचा भार खांद्यावर पेलताना दाखवले आहेत. ओसरीच्या मागच्या भिंतीवर बलश्रीचा लेख आहे. दान देण्याचा मुद्दा त्यात शेवटी येतो. त्याआधी आहे मुलाची स्तुती: त्याच्या घोड्यांनी तीन समुद्रांचं पाणी प्यायलं, त्याने क्षत्रियांचा दर्प उतरवला, शक-यवन-पह्लवांना चिरडलं, वर्णांची सरमिसळ थांबवली. स्वतःला ती राजमाता म्हणवते आणि राजाची आजीही. शत्रूने शेजारी उभारलेल्या विहाराची बरोबरी करील असा विहार, आणि त्यात शत्रूचं कुळ नाहीसं केल्याची नोंद. हे मातृप्रेम होतं, राजकारण होतं, धर्म होता. तिन्ही एकत्र. आजचा अभ्यासक त्यातला एकच धागा ओढून ‘मूळ हेतू’ म्हणून दाखवतो तेव्हा तोही एका अर्थी चुकीचाच प्रेक्षक ठरतो.

याच लेण्यात बलश्रीच्या प्रशस्तीपेक्षा गमतीदार मजकूर आहे. गौतमीपुत्राने आपल्या अठराव्या वर्षी, लष्करी छावणीतून, गोवर्धनच्या अमात्य विष्णुपालिताला हुकूम पाठवला: पश्चिम काखडी गावातलं, आजवर उषवदाताकडे असलेलं २०० निवर्तनांचं शेत या भिक्खूंना द्यावं. सहा वर्षांनी दुसरा हुकूम निघाला, या वेळी श्यामक नावाच्या अमात्याला. त्यात म्हटलं आहे की ते शेत कुणी कसत नाही, गावात वस्तीच नाही, तेव्हा त्याऐवजी नगराच्या शिवेवरची सरकारी जमीन, १०० निवर्तनं, द्यावी. सातबाऱ्यावर चढलेली जमीन प्रत्यक्षात पडीक निघावी, असा हा प्रकार. विजेत्या राजाची घोषणा आणि तिच्या अंमलबजावणीतली फजिती, दोन्ही एकाच भिंतीवर राहून गेली.

बलश्रीच्या प्रशस्तीत एक वाक्यखंड असा आहे की त्यावर थांबायलाच हवं. मुलाच्या पराक्रमाची तुलना करताना तिने चार नावं घेतली आहेत: राम, केशव, अर्जुन आणि भीमसेन. म्हणजे पांडव या लेण्यात खरोखरच आहेत. रहिवासी म्हणून नव्हे, उपमान म्हणून. पुढे ज्यांनी भीमार्जुनांना इथले मालक ठरवलं त्यांना ही अक्षरं वाचता येत नव्हती. आख्यायिका या ओळीतून निघाली असं मानायला काही आधार नाही. दोन वाटा वेगवेगळ्या दिशांनी निघून एकाच नावापाशी पोहोचल्या, एवढंच.

या जागेचा अर्थ बदलणारे पहिले प्रेक्षक मात्र परके नव्हते. ते बौद्धच होते. सुरुवातीची लेणी कोरली गेली तेव्हा बुद्धाची मूर्ती घडवण्याची रीत इथे नव्हती. पूजेला स्तूप पुरेसा होता. तिसऱ्या लेण्याच्या मागच्या भिंतीवर तो उठावात कोरलेला आजही दिसतो. काही शतकांनी महायान पंथाच्या भिक्खूंना मूर्ती हवीशी झाली. मग दुसऱ्या लेण्यात बुद्ध आले, तेविसाव्यात आले, आणि विसाव्यात तर मागची भिंत आत सरकवून गाभारा काढला आणि त्यात भव्य बुद्धमूर्ती बसवली. वासूने जे पुरं केलं होतं ते तिच्या दृष्टीने पुरं झालेलं होतं. नंतरच्या पिढीला ते अपुरं वाटलं. त्यांनी तिचा लेख खोडला नाही, तिचं लेणं मात्र आपल्या भक्तीच्या मापाने पुन्हा बेतलं. कुणाला यात अतिक्रमण दिसेल, कुणाला सातत्य. लेण्याच्या दृष्टीने पाहिलं तर या फेरफारांमुळेच ते पुढेही वापरात राहिलं.

मग भिक्खू गेले. नेमके कधी, हे एका तारखेत सांगण्यासारखं नाही. जैनांनी अकराव्या लेण्यात तीर्थंकर आणि अंबिका कोरली. दहाव्या लेण्यात, उषवदाताच्या घरात, मागच्या भिंतीवरच्या स्तूपाच्या जागी कुणीतरी भैरव कोरून काढला. इथे फक्त अर्थ बदलला नाही, दगडच बदलला. तिसऱ्या लेण्यातला स्तूप वाचला आणि दहाव्यातला गेला. यामागे काही ठरवून केलेलं होतं की योगायोग, हे दगड सांगत नाही.

पांडवांची गोष्ट या पोकळीत रुजली. ती का रुजली असावी, हे समजायला फारशी विद्वत्ता लागत नाही. वाचता न येणारी लिपी. मोठं दालन आणि त्याच्या तिन्ही बाजूंना झोपायच्या ओट्यांसह लहान खोल्या, म्हणजे उघडच कुणाची तरी राहण्याची जागा. देवळासारखी नव्हे, घरासारखी. पण हे घर माणसाने बांधलेलं वाटत नाही, इतकं अवघड. शिवाय गावापासून दूर, डोंगरात. लपून राहायला कोणाला लागत होतं? वनवास कोणाला घडला होता? खांद्यावर इमारत पेलणारे ते सहा पुरुष पाहिल्यावर भीम आठवला नाही तरच नवल. बसलेली भव्य मूर्ती युधिष्ठिराची आणि शेजारी उभे ते भाऊ, अशी ओळख पटवायलाही वेळ लागत नाही. अडाणीपणाने काढलेला हा निष्कर्ष नव्हता. समोर असलेल्या पुराव्यांवरून, हाताशी असलेल्या महाभारताच्या मदतीने केलेलं ते तर्कशुद्ध वाचन होतं. चुकलं ते एवढ्यासाठी की मुख्य पुरावा बंद कुलपात होता.

नवल वाटतं ते वेगळ्याच गोष्टीचं. नाशिक हे रामाचं गाव. पंचवटी, सीतागुंफा, तपोवन, रामकुंड, सगळा भूगोल रामायणाने व्यापलेला. तरीही हा डोंगर महाभारताकडे गेला. रामाची पर्णकुटी होती, दगडी वाडा नव्हता, हे लोकांनी बरोबर लक्षात ठेवलं असावं.

महाराष्ट्रात हे एकाच डोंगरावर घडलेलं नाही. ठिकठिकाणची लेणी पांडवांच्या नावावर जमा आहेत, आणि ‘एका रात्रीत कोरली, कोंबडा आरवला म्हणून काम अर्धवट राहिलं’ ही जोडकथा अनेक ठिकाणी ऐकायला मिळते. वेरूळला ‘सीतेची न्हाणी’ आहे आणि ‘रावणाची खाई’ही. तिथल्या दहाव्या लेण्याची गोष्ट तर खासच. ते बौद्ध चैत्यगृह आहे. छताला लाकडी वाश्यांसारख्या दगडी कमानी आहेत आणि स्तूपासमोर बुद्ध उपदेशाच्या मुद्रेत बसले आहेत, दोन्ही हातांची बोटं छातीपाशी जुळलेली. सुतारांनी पाहिलं आणि ओळखलं: हे तर आपलं काम, दगडातलं सुतारकाम. मग हा बसलेला विश्वकर्मा, आणि काम करताना बोटाला लागलं म्हणून त्याने ते धरून ठेवलं आहे. धर्मचक्रप्रवर्तनाची मुद्रा ज्याने कोरली त्याच्या स्वप्नातही हे आलं नसेल. पण त्या छताकडे कारागिराच्या नजरेने सुतारांइतकं नीट कोणी पाहिलं? लाकूडकामाची नक्कल दगडात उतरवली आहे, हा निष्कर्ष कलेतिहासाच्या ग्रंथांनीही काढला. सुतारांनी तो आधी काढला होता, फक्त त्यांच्या भाषेत.

जुन्नरजवळच्या लेण्याद्रीला बौद्ध विहारात गिरिजात्मज गणपती आहे आणि अष्टविनायकाची यात्रा त्या पायऱ्या चढते. कार्ल्याला चैत्यगृहाच्या तोंडाशीच एकवीरेचं देऊळ आहे आणि कोळी-आगरी भाविक देवीला येतात, चैत्यगृहाला नव्हे. नाशिकला मात्र पांडवांची मोठी पूजाअर्चा, यात्रा, उत्सव उभा राहिला नाही. गोष्ट राहिली, देवस्थान झालं नाही. म्हणूनच कदाचित पुढे मूळ अर्थाला परत यायला इथे वाट मोकळी सापडली.

इंग्रज आले ते स्वतःचा गोंधळ घेऊन. मुंबईजवळच्या लेण्यांविषयी युरोपीय प्रवाशांनी इजिप्तपासून अलेक्झांडरपर्यंत सगळ्यांना श्रेय देऊन झालं होतं, म्हणजे पांडवांपेक्षा फार वरचढ तर्क त्यांच्याकडे नव्हता. १८२३ साली कॅप्टन जेम्स डेलामेन याने नाशिकच्या लेण्यांची नोंद केली, पण अक्षरं अजून मुकीच होती. १८३७ मध्ये जेम्स प्रिन्सेपने ब्राह्मीची उकल केली आणि मगच डोंगर बोलू लागला. स्टीव्हन्सनने लेख वाचायचा प्रयत्न केला. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी नाशिकच्या लेखांवरचा निबंध १८७४ च्या लंडन येथील प्राच्यविद्या परिषदेसाठी लिहिला. आणि भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेले जुनागढचे पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी लेणं-लेणं, खोली-खोली तपासून जे वर्णन केलं ते १८८३ च्या नाशिक जिल्हा गॅझेटियरमध्ये छापलं गेलं. विसाव्या शतकाच्या आरंभी फ्रेंच विद्वान एमिल सेनार याने सगळे लेख पुन्हा संपादित केले. गुजराती पंडित, मराठी प्राध्यापक, फ्रेंच संस्कृतज्ञ: बलश्रीला सुमारे सतराशे वर्षांनी वाचक मिळाले ते असे.

वाचता आलं म्हणून वाद मिटले, असं समजू नये. उलट ते खरे तेव्हा सुरू झाले. क्षत्रियांचा दर्प उतरवल्याच्या ओळीवरून कुणी ब्राह्मण-क्षत्रिय संघर्ष उभा केला, कुणी ती राजस्तुतीतली नेहमीची अतिशयोक्ती ठरवली. राजाला अद्वितीय ब्राह्मण म्हणणारा शब्द एका पिढीच्या अभिमानाचा विषय झाला आणि दुसऱ्या पिढीच्या टीकेचा. सातवाहन महाराष्ट्राचे की आंध्रचे, हा झगडा याच भिंतींसमोर लढला गेला. पुराणं त्यांना आंध्र म्हणतात, त्यांचे स्वतःचे लेख म्हणत नाहीत. मराठी माणसाला शालिवाहन शकामुळे ते आपले वाटतात. तिकडे २०१७ च्या जानेवारीत ‘गौतमीपुत्र सातकर्णी’ हा तेलुगू चित्रपट आला, नायक नंदमुरी बालकृष्ण यांचा शंभरावा, आणि हा राजा तेलुगू अस्मितेचा महानायक म्हणून पडद्यावर अवतरला. नाशिकच्या डोंगरात एका आईने मुलाबद्दल लिहिलेली स्तुती. ती पुण्यात एक अर्थ देते, विजयवाड्यात दुसरा.

अर्थ बदलण्याची ही कला गौतमीपुत्राला स्वतःलाही चांगली अवगत होती. १९०६ मध्ये नाशिकजवळच्या जोगलटेंभी इथे तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. नाणी नहपानाची, पण त्यातल्या निम्म्याहून कितीतरी अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. नहपानाचा चेहरा पुरता पुसला गेलेला नाही. तो खालून डोकावतो. नाणं वितळवून नवं पाडणं अशक्य नव्हतं. पण जुन्यावर नवं दिसण्यातच विजय होता. दहाव्या लेण्यात भैरव कोरणाऱ्याने याहून फार वेगळं काही केलं नाही.

विसाव्या शतकात या डोंगराला मिळालेला सगळ्यात महत्त्वाचा प्रेक्षक विद्यापीठातून आला नाही. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली नाशिकला दलितांच्या काळाराम मंदिरप्रवेशासाठी सत्याग्रह सुरू झाला आणि काही वर्षं चालला. दार उघडलं नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातल्या येवल्याला त्यांनी हिंदू म्हणून मरणार नाही अशी घोषणा केली, आणि १९५६ मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाली. ज्यांना गावातल्या देवळात प्रवेश नव्हता त्यांना गावाबाहेरच्या डोंगरात बुद्ध सापडले. तिथे दार नव्हतंच. सातपूर-अंबडच्या कारखान्यांत काम करणाऱ्या कुटुंबांतली पुष्कळ कुटुंबं या वर्गातली. त्यांच्यासाठी हे त्रिरश्मी बुद्धलेणी आहे. ‘पांडवलेणी’ हे नाव त्यांच्यातल्या अनेकांना खटकतं, आणि शिलालेखांतच डोंगराचं नाव त्रिरश्मी असल्यामुळे त्यांच्या आग्रहाला पुराव्याचं बळ आहे. पायथ्याशी बुद्ध स्मारक झालं आणि २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये श्रीलंकेतल्या अनुराधापूरच्या बोधिवृक्षाची फांदी तिथे लावण्यात आली.

यालाही काही अभ्यासक नवा अर्थ लादणं म्हणतील. भद्रायणीय भिक्खूंचा धम्म आणि आंबेडकरांचं नवयान यांत अंतर आहे, हे खरंच. पण राजे आणि सावकार यांच्या दानांवर उभ्या राहिलेल्या या वास्तूत आज रोजंदारीवरचा कामगार वंदना म्हणतो, तेव्हा देणगीदारांची मूळ इच्छा, इथे बुद्धाचं नाव घेतलं जावं ही, मधल्या सगळ्या शतकांपेक्षा जास्त पुरी होते. इतर सगळ्या वाचनांपेक्षा हे वाचन मुळाच्या जवळ आहे, असं म्हणायला कचरण्याचं कारण नाही.

पायथ्याला आणखी एक स्मारक आहे, चित्रपटकार दादासाहेब फाळक्यांचं. शेजार योगायोगाचा, पण चपखल. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांच्या ‘लंकादहन’ या चित्रपटात, १९१७ साली, अण्णा साळुंके या एकाच नटाने राम आणि सीता दोघांची कामं केली. हा साळुंके मूळचा उपाहारगृहातला स्वयंपाकी. पडद्यावर राम आला की लोक हात जोडत, लोटांगण घालत. फाळके छायाचित्रण आणि जादूचे प्रयोग जाणणारे, यंत्राच्या करामतीवर जीव असलेले तंत्रज्ञ. एकाच माणसाला दोन रूपांत दाखवणं ही त्यांची करामत. प्रेक्षकांनी करामत पाहिलीच नाही, राम पाहिला. फाळक्यांची त्याबद्दल काही तक्रार नसावी. गल्ला उत्तम जमत होता.

लेण्यांचा मामला मात्र इतका सुखान्त नाही. पांडवांच्या गोष्टीने डोंगराला नाव दिलं, ओळख दिली, कदाचित दगड फोडून नेणाऱ्यांपासून त्याला वाचवलंही असेल. पण त्या गोष्टीत पाच पुरुष आले आणि ज्या बायकांनी हे काम करवलं त्या बाहेर गेल्या. उषवदाताची बायको, नहपानाची मुलगी दक्षमित्रा, हिने दहाव्या लेण्यात एक खोली दिली. त्याच लेण्यात पुढच्या काळात आभीर राजा ईश्वरसेनाच्या नवव्या वर्षी विष्णुदत्ता नावाच्या शक उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधपाण्यासाठी तेली, पाण्याची यंत्रं करणारे अशा कारागिरांच्या श्रेणींकडे ठेव ठेवली. आजच्या भाषेत हा वैद्यकीय निधी. अशा एखाद्या बाईबद्दल लोककथा जन्मायला काय हरकत होती? पण लोककथेला नावं ओळखीची लागतात.

२०२१ च्या मे महिन्यात पुरातत्त्व खात्याच्या माणसांना डोंगरावर गटार सफाईच्या कामात आणखी तीन लेणी सापडली. दोनशे वर्षं मोजदाद होऊनही ती नजरेतून सुटली होती. तेव्हा पाहण्याचं काम संपलं आहे असं कुणी मानू नये. सातपूर, अंबड, सिडको भागातल्या शाळांच्या सहली इथे दर वर्षी येतात. शिक्षकांनी मुलांना भीमाची गोष्ट जरूर सांगावी, ती या डोंगराच्या इतिहासाचाच भाग आहे. पण वा. वि. मिराशींनी सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांचे कोरीव लेख मराठी ग्रंथात आणून ठेवले आहेत. त्याची चार पानं बरोबर न्यावीत आणि तिसऱ्या, दहाव्या, अठराव्या, विसाव्या लेण्यासमोर उभं राहून गौतमी बलश्री, दक्षमित्रा, विष्णुदत्ता, भट्टपालिका, वासू ही नावं मोठ्याने वाचून दाखवावीत.